सोलापूरच्या गच्चीवरून मंगळ बघायचा असेल तर

१९ फेब्रुवारी २०२७ ही तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी मंगळ प्रतियुतीत असेल, म्हणजे एका बाजूला सूर्य, मधे आपण आणि समोर मंगळ. सोलापुरात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळत असताना पूर्वेला मंगळ उगवेल आणि उजाडेपर्यंत आकाशात राहील. ही वेळ साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा येते. मधल्या काळात तो इतका लांब जातो की चांगल्या दुर्बिणीतूनही नारिंगी ठिपक्यापलीकडे काही हाती लागत नाही.

मी पहिली दुर्बीण २०१८ साली घेतली, ११४ मिलिमीटर आरशाची. ३१ जुलैला मंगळ ५ कोटी ७६ लाख किलोमीटरपर्यंत जवळ येणार होता आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. सोलापुरात त्या दिवसांत ढग. एकदा तासभर उघाड मिळाली, धावत गच्चीवर गेले, तर दुर्बिणीत नुसता कोरा नारिंगी गोळा. एक डाग नाही, ध्रुवावरची बर्फाची पांढरी टोपी नाही. आरसा खराब निघाला असं वाटून मी तो कोरड्या फडक्यानं पुसला आणि त्यावर कायमचे चरे पाडले. आरशात दोष नव्हताच. त्या वर्षी मंगळावर धुळीचं वादळ उठलं होतं आणि त्यानं अख्खा ग्रह झाकला होता. त्याच वादळात जून महिन्यात मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या 'ऑपॉर्च्युनिटी' गाडीशी संपर्क तुटला, तो परत जुळला नाही.

हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

१. मोठ्या प्रतियुतीची वाट बघत बसू नका

२०२७ ची प्रतियुती 'लहान' आहे, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. आकड्यांत ते खरं आहे. मंगळाची कक्षा बरीच लांबट आहे. त्यामुळे काही प्रतियुतींना तो साडेपाच-पावणेसहा कोटी किलोमीटरवर येतो, तर काहींना १० कोटींच्या पुढे राहतो. २७ ऑगस्ट २००३ ला तो ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर होता आणि त्याचं बिंब २५ विकलांचं दिसत होतं (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). २०२७ ला अंतर १० कोटी किलोमीटरच्या किंचित पुढे असेल आणि बिंब १३.८ विकलांचं. चारशे मीटरवर धरलेलं दहा रुपयांचं नाणं जेवढं दिसेल, तेवढंच.

पण आपण राहतो कुठे, हेही बघायला हवं. मंगळाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा भाग ज्या दिशेला आहे, त्या दिशेला पृथ्वी ऑगस्टच्या अखेरीस येते. म्हणून मोठ्या प्रतियुती जुलै ते सप्टेंबर याच काळाच्या आसपास पडतात, म्हणजे नेमक्या आपल्या पावसाळ्यात. पुढची खरी मोठी प्रतियुती १५ सप्टेंबर २०३५ ची आहे आणि सोलापूरला वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो. तिच्या आधीची चांगली प्रतियुती २७ जून २०३३ ला आहे, तीही आर्द्राच्या सरींत. लहान प्रतियुती मात्र हिवाळ्यात येतात. आकाश कोरडं, रात्र मोठी आणि मंगळ उंचावर. २०२७ ला तो सोलापुरातून जवळजवळ डोक्यावरून जाणार आहे. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना एवढा उंच मंगळ कधीच मिळत नाही. उंच असला की मधे हवेचा थर कमी येतो आणि चित्र थरथरत नाही. इतकी वर्षं निरीक्षण केल्यावर मला हे पुरतं पटलं आहे: स्थिर हवेतला १४ विकलांचा मंगळ ढगांच्या फटीतून दिसलेल्या २४ विकलांच्या मंगळापेक्षा पुष्कळ जास्त देतो.

२. आधी नुसत्या डोळ्यांनी ओळख करून घ्या

दुर्बीण विकत घेण्याआधी किमान दोन महिने हे करा. खर्च शून्य.

नोव्हेंबर २०२६ च्या मध्यात पहाटे उठलात तर मंगळ आणि गुरू अगदी शेजारी-शेजारी दिसतील. गुरू जास्त तेजस्वी, सायीसारखा पांढरा. मंगळ नारिंगी. एकदा ही जोडी बघितली की पुढे ओळखायला चूक होत नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा, आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भानं त्याची जागा कागदावर मांडा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो पूर्वेकडे सरकेल, मग थबकेल आणि उलटा पश्चिमेकडे चालू लागेल. हेच वक्री होणं. एप्रिलच्या सुरुवातीला तो पुन्हा मार्गी होईल. खरं तर तो मागे जात नाही. आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी त्याला ओलांडून पुढे जाते म्हणून तसं भासतं, जशी आपल्या एक्स्प्रेसनं मागे टाकलेली मालगाडी खिडकीतून उलटी सरकताना दिसते. याच मंगळाच्या चालीचं कोडं सोडवताना केप्लर या खगोलशास्त्रज्ञाला ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं उमगलं आणि त्यानं ते १६०९ साली मांडलं. दर आठवड्याला एक टिंब काढून तुम्ही तेच वळण आपल्या हातानं कागदावर उतरवाल.

प्रतियुतीच्या रात्री मंगळ मघा ताऱ्याच्या थोडा उत्तरेला असेल. मघा निळसर पांढरा, मंगळ तांबूस, आणि पश्चिमेला मुठीएवढ्या अंतरावर गुरू. (हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते.) त्यात माघी पौर्णिमा २० फेब्रुवारीची, म्हणजे चंद्रही तिथेच येणार.

फसगत होते ती तांबड्या ताऱ्यांशी: रोहिणी, मृगातला काक्षी, पहाटेची ज्येष्ठा. ज्येष्ठेचं पाश्चात्त्य नाव अँटारेस, म्हणजेच 'मंगळाचा प्रतिस्पर्धी', कारण ही गफलत जुनीच आहे. खूण एकच: तारा लुकलुकतो, मंगळ शांत तेवतो. क्षितिजाजवळ असताना मात्र तोही थोडा लुकलुकेल, तेव्हा जरा वर येऊ द्या.

३. तारखा आणि जागा कुठून कळतील

मोबाइलवर 'स्टेलेरियम' हे आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप घ्या आणि गाव सोलापूर करा. एवढ्यावर भागतं.

घरात पंचांग असेल तर तेही काढा. दाते पंचांग आपल्या सोलापुरातच तयार होतं आणि ग्रह कधी वक्री, कधी मार्गी हे त्यात छापलेलं असतं. फक्त एक ध्यानात ठेवा. पंचांगातल्या राशी म्हणजे ३० अंशांचे सारखे बारा भाग. आकाशातल्या तारकासमूहांच्या सीमा तशा सारख्या नाहीत. फेब्रुवारी २०२७ मध्ये पंचांगात गुरू कर्केत असेल, पण मान वर करून बघाल तर तो सिंहाच्या ताऱ्यांत दिसेल. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी महिनाभर भलत्याच भागात ग्रह शोधला होता.

४. काय काय लागेल

• दुर्बीण: १३० ते १५० मिलिमीटर आरशाची, डॉब्सोनियन बैठकीची (जमिनीवर ठेवायची, हातानं फिरवायची साधी बैठक) असेल तर उत्तम. माझी आत्ताची १५० मिलिमीटरची आहे, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिलिमीटर.
• आयपीस (डोळा लावायचं, बदलता येणारं भिंग): २५ मिलिमीटरचा शोधायला, १० आणि ६ मिलिमीटरचा बघायला. ६ चा नसेल तर १० च्या जोडीला दुप्पट करणारी बार्लो लेन्स.
• नारिंगी फिल्टर आणि जमलं तर एक निळा.
• कोलिमेशनचं साधन, म्हणजे दोन आरसे एका रेषेत आणण्यासाठी. भोक पाडलेलं साधं झाकणही चालतं.
• टॉर्चवर लाल जिलेटीन कागद, रबरबँडनं घट्ट बसवलेला.
• वही, मऊ पेन्सिल, खोडरबर, आणि ५ सेंटिमीटर व्यासाची वर्तुळं आधीच काढलेले कागद.
• बसायला उंची बदलता येईल असं स्टूल. हे यादीत शेवटी येतं म्हणून वगळू नका. अवघडलेल्या मानेनं बारीक तपशील दिसत नाहीत.
• आपली सोलापुरी चादर. थंडीसाठी तर हवीच, पण डोक्यावरून घेतली की रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही अडतो.

दुर्बिणीच्या खोक्यावर '६७५ पट' असं छापलं असेल तर ती दुकानातच ठेवा. उपयोगी वर्धन (किती पट मोठं दिसतं ते) आरशाच्या मिलिमीटरांच्या फार तर दुप्पट. १५० मिलिमीटरला ३०० पट ही मर्यादा झाली आणि प्रत्यक्षात बहुतेक रात्री १५० ते २०० पटच झेपतं. वर्धन काढायचं कसं? दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्यानं भागा. १२०० भागिले ६ म्हणजे २०० पट. डुगडुगणाऱ्या तिकाटण्यावरची दुर्बीणही नको, कारण २०० पटीला हात लागला तरी ग्रह उड्या मारतो.

द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर ती गुरूचे उपग्रह आणि मघेजवळचं दृश्य बघायला वापरा. मंगळाच्या पृष्ठभागासाठी तिचा उपयोग नाही.

५. जागा: गावाबाहेर जायची गरज नाही

नवीन माणसाला पहिला सल्ला मिळतो तो 'अंधारात जा' हा. तेजोमेघ आणि दीर्घिकांसाठी तो योग्यच आहे. मंगळाला मात्र शहरातला उजेड अडवत नाही, पौर्णिमेचा चंद्रही अडवत नाही, कारण तो स्वतःच लख्ख आहे. सोलापुरातली तुमची गच्ची पुरेशी आहे.

गच्चीचा शत्रू वेगळा आहे: स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि दुर्बिणीसमोरची हवा तव्यावरच्या हवेसारखी हलते. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात 'पाणी मारा' असं मी सांगणार नाही. दुर्बिणीखाली आणि भोवती जाड सतरंजी अंथरा, आणि साडेनऊच्या आधी काही ठरवू नका. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून किंवा एसीच्या यंत्रावरून नजर जाणार नाही अशी बाजू निवडा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्चीच्या किल्लीबद्दल सेक्रेटरींशी आधीच बोला आणि शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवा. रात्री वर चाललेल्या खुडबुडीनं लोक घाबरतात.

मातीची जमीन स्लॅबपेक्षा लवकर निवते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत कोणी हुरड्याला शेतावर बोलावलं तर दुर्बीण बरोबर न्या. आगटीच्या धुरापासून मात्र लांब मांडा. बार्शी रस्त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, तिकडचा माळ मोकळा म्हणून काही जणांना मोह होतो. अभयारण्यात रात्री शिरायचं नाही. आजूबाजूला ओळखीचं रान असेल आणि मालकानं हो म्हटलं असेल, तरच तिकडे जा.

६. त्या रात्रीचा क्रम

बघायच्या वेळेआधी पाऊण तास ते एक तास दुर्बीण उघड्यावर ठेवा. घरातला गरम आरसा थंड होईपर्यंत चित्र उकळतं आणि नवीन माणूस त्यालाच दुर्बिणीचा दोष समजतो. आरशावर धूळ दिसली तर राहू द्या. थोड्या धुळीनं काही बिघडत नाही, पुसण्यानं बिघडतं.

मग एखाद्या ठळक ताऱ्यावर कोलिमेशन तपासा. तारा किंचित अस्पष्ट केला की वर्तुळं दिसतात, ती एकाच केंद्राभोवती हवीत.

२५ च्या आयपीसनं मंगळ मध्यभागी आणा, मग १०, मग ६. चित्र खळबळत असेल तर वर्धन कमी करा. प्रतियुतीच्या रात्री तो पाऊण वाजण्याच्या आसपास सर्वांत उंच असेल, पण डॉब्सोनियन अगदी डोक्यावरच्या वस्तूकडे नीट वळत नाही. म्हणून साडेनऊ ते साडेअकरा हा वेळ सोयीचा. मार्चच्या मध्यात तो साडेदहाच्या सुमारासच माथ्यावर येईल, तेव्हा बैठक तासा-दोन तासांनी अलीकडे घ्या. १० विकलांहून मोठं बिंब साधारण जानेवारी ते मार्चअखेर मिळेल. म्हणजे तुमच्या हातात एक रात्र नाही, तीन महिने आहेत.

७. बघणं शिकावं लागतं

याच टप्प्यावर लोक सोडून देतात.

१३० पटीला मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा होतो. हे गणित बरोबर आहे, तरी पहिल्या नजरेला तो वाटाण्याएवढाच वाटतो. भोवती तुलनेला काहीच नसतं म्हणून असं होतं. पहिली पाच मिनिटं तुम्हाला नारिंगी चकती दिसेल, कडा थरथरतील, आणि मनात येईल की फोटोत दिसतं ते हे नव्हे. उठू नका. हवा सतत सारखी हलत नाही. मधेच एक-दोन सेकंद ती थांबते आणि त्या दोन सेकंदांत चकतीवर एक करडा डाग उमटतो, पुन्हा विरतो. दहा मिनिटांनी तोच डाग त्याच जागी पुन्हा येतो. तेव्हा कळतं की तो खरा आहे. मला ऑक्टोबर २०२० मध्ये चौथ्या रात्री असा डाग दिसला. पहिल्या तीन रात्री तो तिथेच असणार, डोळा तयार नव्हता. रोज वीस मिनिटं बसा. एका रात्री तीन तास बसण्यापेक्षा ते जास्त फळतं.

या वेळी काय शोधाल? मंगळाचा उत्तर ध्रुव आपल्याकडे कललेला असेल आणि तिथे वसंताचा उत्तरार्ध चालू असेल, म्हणजे उत्तरेची पांढरी टोपी आक्रसत जाताना दिसेल. सर्वांत आधी तीच सापडते, नारिंगी कडेवरचं पांढरं टिंब. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असतं, त्यामुळे उत्तर वर शोधू नका. दुर्बीण सोडून दिली की मंगळ ज्या बाजूनं बाहेर सरकतो ती पश्चिम. त्यावरून बाकीच्या दिशा लावा.

त्यानंतर गडद भाग. सिर्टिस मेजर हा त्रिकोणी पट्टा सर्वांत ठळक. ख्रिस्तियान हायगेन्सनं तो १६५९ साली कागदावर उतरवला आणि त्याच्या सरकण्यावरून मंगळाचा दिवस आपल्या दिवसाएवढाच असल्याचं ओळखलं. उत्तरेला अ‍ॅसिडेलियाचा करडा पट्टाही चांगला दिसेल. नारिंगी फिल्टरनं हे डाग उठून दिसतात. निळ्या फिल्टरनं कडेजवळचे पांढुरके ढग दिसू शकतात, कारण मंगळ सूर्यापासून लांब असतानाच्या या ऋतूत तिथे ढग जास्त असतात. धुळीची मोठी वादळं दक्षिणेच्या वसंत-उन्हाळ्यात उठतात, म्हणून २०१८ सारखी निराशा या खेपेला संभवत नाही.

सिर्टिस मेजर दिसलाच नाही तर? बहुधा तो पलीकडच्या बाजूला आहे. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. त्यामुळे रोज ठरावीक वेळेला बघितलं तर कालचा डाग थोडा मागे राहिलेला दिसतो आणि अख्खा गोल डोळ्यांखालून जायला साडेपाच-सहा आठवडे लागतात. अमेरिकेतल्या कोणी काल काढलेलं चित्र तुमच्या रात्रीला जुळणार नाही, तेही यामुळेच. आज वाळवंटी बाजू समोर असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा या.

मंगळाचे दोन चंद्र आपल्या दुर्बिणीतून दिसत नाहीत. शेजारी ठिपका दिसला तर तो मागचा तारा आहे.

८. नोंद ठेवा, आणि दिसलं तेवढंच काढा

आधी काढलेल्या वर्तुळात ध्रुवाची टोपी, मग गडद डाग, मग बाकीचं. बाजूला तारीख, वेळ, वर्धन, फिल्टर आणि हवा कशी होती ते लिहा. पंधरा मिनिटांत चित्र संपवा, कारण तोवर ग्रह फिरलेला असतो.

नकाशा समोर ठेवून काढू नका. आधी काढा, मग ताडून बघा. १८७७ साली इटलीत स्कियापारेल्ली या खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या. पुढे अनेकांनी त्या पाहिल्या आणि त्यांचे कालवे झाले. १९०९ साली अँतोनियादीनं पॅरिसजवळच्या मदाँ इथल्या मोठ्या दुर्बिणीतून बघितलं, तेव्हा रेषांच्या जागी वेगवेगळे बारीक डाग निघाले. स्कियापारेल्ली निष्णात निरीक्षक होता, तरीही डोळ्यानं ठिपके जोडून रेषा केल्या. माझ्या वहीतली दोन चित्रं मी याच कारणासाठी खोडली आहेत.

९. दुसऱ्यांना दाखवताना

दर ऑगस्टला मोबाइलवर एक संदेश फिरतो: 'आज मंगळ चंद्राएवढा दिसणार'. २००३ च्या प्रतियुतीवेळच्या मजकुराचा तो विपर्यास आहे. त्या वेळीसुद्धा मंगळ चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाहून लहान होता. तुमच्याकडे दुर्बीण आहे म्हटल्यावर लोक हा संदेश घेऊन येतील. त्यांना आधी गुरू दाखवा, मग चंद्र, आणि शेवटी मंगळ. उलट्या क्रमानं दाखवलं की मंगळाशी हिरमुसतात. मुलांना स्टुलावर उभं करा आणि आयपीसला हात न लावता बघायला सांगा.

पत्रिकेतल्या मंगळाचा प्रश्नही येतोच, त्याची तयारी ठेवा. मी वाद घालत नाही, बघायला बसवते. आमच्या गल्लीतली एक मुलगी अशीच आली होती. तिच्या लग्नाचं दोन ठिकाणी याच कारणानं फिसकटलं होतं. तिला सांगितलं की आत्ता दिसतोय तो त्याचा काही मिनिटांपूर्वीचा उजेड आहे, त्या गोलाचा व्यास पृथ्वीच्या साधारण निम्मा आहे, तिथे हिवाळा असतो, धुळीची वादळं असतात, आणि २४ सप्टेंबर २०१४ ला आपलं मंगळयान त्याच्याभोवती फिरू लागलं. ती बराच वेळ आयपीसपाशी होती. उठताना तिनं एवढंच विचारलं, 'तो काळा डाग उद्या कुठे असेल?' दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती वही घेऊन आली, आणि आता वर्तुळं तीच आखून आणते.